शाळेसाठीची तयार प्रथमोपचार पेटी: डबा चांगला, भरणा कारखान्याचा

नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात जाऊन "शाळेसाठी पेटी दाखवा" म्हटलं की बहुतेक हीच पुढे येते. पांढरा पत्र्याचा डबा, भिंतीला ठोकायला मागे दोन भोकं, दाराला बोटाएवढं कुलूप, वर लाल फुली आणि खाली ठळक अक्षरात "४२ नग". किंमत दीड हजाराच्या आसपास. खरेदीच्या यादीत एका ओळीत बसते, बिल एकच होतं, तपासणीला आलेल्या साहेबांना भिंतीवर दिसते. वापरायची वेळ मात्र सिस्टरवर, म्हणजे शाळेच्या नर्सवर येते, आणि खरेदी करताना सिस्टरला कुणी विचारलेलं नसतं.

आधी त्या ४२ नगांचा हिशेब. चिकटपट्ट्या २०. तापाच्या पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या १०, म्हणजे एकच पट्टी, पण मोजलीय सुटी. सेफ्टी पिना ६. झाले ३६. उरलेल्या सहात कापसाचा एक गुंडा, गॉजच्या, म्हणजे जाळीदार कापडाच्या बँडेजच्या दोन गुंडाळ्या, जखमेवर लावायच्या पोव्हिडोन आयोडिन मलमाची एक ट्यूब, अँटिसेप्टिकची छोटी बाटली आणि कात्री. संपलं. हातमोजे नाहीत, क्रेप (ताणलं जाणारं) बँडेज नाही, चिकटवायची टेप नाही, थर्मामीटर नाही, ओआरएस (जुलाबात पाण्यात कालवून द्यायची मीठ-साखरेची पूड) नाही. हा भरणा आठ-दहा मोठ्या माणसांच्या कारखान्याला किंवा ऑफिसला चालेल. दोनशे लेकरांच्या निवासी शाळेत तो सोमवारी उघडला तर गुरुवारपर्यंत पिनांशिवाय काही उरत नाही.

डब्यावरची लाल फुली हा आणखी एक मुद्दा. ते रेडक्रॉसचं चिन्ह आहे आणि १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार परवानगीशिवाय कुणालाही वापरता येत नाही. प्रथमोपचाराची खूण म्हणजे हिरव्यावर पांढरी फुली. एवढंसुद्धा न बघता डबा बनवणाऱ्यानं आतला माल कितपत बघितला असेल?

आता कापूस, कारण सगळ्यात जास्त त्रास त्याचाच. आपल्याकडची मैदानं मुरमाची. कबड्डीत, खो-खोत लेकरू घसरलं की गुडघ्याची साल निघते आणि मुरमाचे बारीक खडे आत रुततात. सिस्टर यायच्या आत कुणीतरी सर पेटी उघडतात, कापसावर मलम घेतात आणि तो कापूस तसाच जखमेवर दाबून वरून बँडेज गुंडाळतात. दुसऱ्या दिवशी बँडेज उघडलं की कापूस खपलीत विणल्यासारखा बसलेला असतो. ओढला तर खपलीसकट निघतो, जखम नव्यानं वाहते. नाही ओढला तर तंतू आत राहतात, खडे तर आधीपासून आहेतच, आणि तिसऱ्या दिवशी पू. मग तो कापूस सलाइनने (मिठाच्या निर्जंतुक पाण्याने) भिजवत, पाच-दहा मिनिटं थांबत, कडेकडेनं सोडवत बसायचं. समोर लेकरू रडतंय आणि दारात अजून चार जण उभे.

उघड्या जखमेवर कापूस ठेवायचाच नसतो, तो आजूबाजूची कातडी पुसायला. जखम धुवायला वाहतं स्वच्छ पाणी लागतं आणि एप्रिल-मेमध्ये टँकरवर चालणाऱ्या शाळेत तेच मिळत नाही. त्यावर स्वस्त उपाय आहे: मेडिकलमध्ये नॉर्मल सलाइनची १०० मिलिची बाटली मिळते. बाटली दाबून धार थेट जखमेवर सोडायची, खडे निघून जातात. वर राहिलेला खडा ओल्या गॉजने आतून बाहेर पुसत काढायचा. खोल रुतलेला उकरायचा नाही, तो दवाखान्याचं काम. नंतर मलमाचा पातळ थर, निर्जंतुक गॉजचा चौकोन, वरून कागदी टेप. फोडलेली सलाइन त्याच दिवशी टाकून द्यायची, "अजून अर्धी आहे" म्हणून ठेवायची नाही. सलाइन नसेल तर प्यायचं पाणी चालतं. पेटीतलं अँटिसेप्टिक पाण्यात न मिसळता ओतायचं नाही, आग होते आणि ताजी कातडीही खराब होते.

चिकटपट्ट्या मार्चपर्यंत बऱ्या. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होते, पत्र्याचा डबा पश्चिमेच्या भिंतीवर असला तर दुपारी हात लावता येत नाही. आतल्या पट्ट्यांचा डिंक कागदावरच वितळतो. पट्टी लेकराला लावायला गेलं की घामावर टिकत नाही. मलमातलं तेल सुटून ट्यूबच्या तोंडाशी येतं. गोळ्यांच्या पाकिटावर ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं, परभणीत मेमध्ये सावलीतही ते शक्य नाही. डबा उत्तरेच्या भिंतीला, खिडकी आणि गॅसच्या शेगडीपासून लांब लावला तर निम्मं नुकसान टळतं. मुदतीची तारीख डब्याच्या बाहेर एकच छापलीय, तीही सगळ्यात लांबची. आतल्या मलमाची तिच्याआधी संपते. ट्यूब फोडली त्या दिवसाची तारीख मार्करने ट्यूबवरच लिहावी.

कात्रीबद्दल थोडक्यात: ती गॉज कापत नाही, चावते. पहिल्याच दिवशी बदलावी.

पॅरासिटामॉलची ५०० ची गोळी मोठ्या माणसाची. लेकरांचा डोस वजनावर असतो, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. तिसरीतलं २२ किलोचं लेकरू म्हणजे २२० ते ३३० मिलिग्रॅम, अर्धी गोळी. पण पेटीतल्या गोळीवर मधली खाच नाही, मोडली की एक तुकडा मोठा आणि बाकी भुगा. त्यापेक्षा सिरप बरं, फक्त बाटलीवरचं बघूनच द्यायचं. काही सिरपमध्ये ५ मिलित २५० मिलिग्रॅम असतं, काहींत निम्मं. वसतिगृहातल्या मावशींना "एक झाकण दे" सांगितलं की कुठलं झाकण, कुठली बाटली, हे कुणालाच कळत नाही. आणखी दोन गोष्टी. अशाच दुसऱ्या पेट्यांत डोकेदुखीसाठी ॲस्पिरिन घातलेलं असतं, ते लेकरांना द्यायचं नाही. पालक घरून निमेसुलाइड हे तापाचं औषध पाठवतात, "यानं ताप लगेच उतरतो". १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर २०११ पासून बंदी आहे. पालकांशी वाद घालू नये. पुडी पाकिटात घालून नाव लिहून ठेवावी आणि घरी जाताना परत द्यावी.

ओआरएस नसणं ही या पेटीची सगळ्यात मोठी चूक. आश्रमशाळेत, वसतिगृहात पावसाळ्याच्या तोंडावर जुलाब-उलट्यांनी एकाच दिवशी आठ-दहा लेकरं लोळतात. ओआरएस आणायला सांगितलं की दोन मापांची पाकिटं मिसळून येतात: मोठं, २१ ग्रॅमच्या आसपासचं, एक लिटरचं, आणि छोटं, चारेक ग्रॅमचं, २०० मिलिचं. मोठं पाकीट स्टीलच्या ग्लासात कालवलं की मिठाचं प्रमाण पाचपट होतं, जुलाब वाढतात, आणि सगळे म्हणतात ओआरएसनं गुण आला नाही. एकाच मापाची पाकिटं मागवावीत. मोठी असतील तर प्रत्येकावर "१ लिटर" असं जाड मार्करने लिहावं आणि मोजायला पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली पेटीशेजारी बांधून ठेवावी. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं. टेट्रापॅकमधली गोड "ओआरएस" पेयं घेऊ नयेत. त्यांच्या नावात हा शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, पण जुना साठा दुकानात दिसला तर आश्चर्य नको. ग्लुकोज पावडर म्हणजे ओआरएस नव्हे. परिपाठात चक्कर येऊन पडलेल्या लेकराला आधी आडवं करून पाय वर घ्यायचे. शुद्धीवर आलं, गिळता येतंय असं दिसलं की मग खायला. बहुतेकदा ते सकाळी काही न खाता आलेलं असतं.

घोळणा फुटणं हे उन्हाळ्यातलं रोजचं काम. इथेही तोच कापूस नाकात कोंबला जातो आणि काढताना गोठलेलं रक्त निघून पुन्हा धार लागते. मान मागे टाकायची नाही, कांदा हुंगवायचा नाही. लेकराला बसवून किंचित पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळ लावून १० मिनिटं, मध्ये सोडून बघायचं नाही. श्वास तोंडाने. त्याला लागतं एक घड्याळ आणि धीर, ४२ नगांतलं काहीच नाही.

पेटीतल्या पत्रकावर साप चावल्यास "वरच्या बाजूला घट्ट दोरी बांधा" असं अजून छापलेलं आहे. पत्रक फाडून टाकावं. घट्ट बांधल्याने हात-पाय धोक्यात येतो. लेकराला चालू द्यायचं नाही, चावलेला भाग पट्टी किंवा पुठ्ठा लावून हलणार नाही असा बांधायचा, १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. विंचवाबद्दल पत्रकात एक अक्षर नाही, मराठवाड्यात विकायच्या पेटीत हे कमालच. नुसती जागेवर ठणक असेल तर ठीक. घाम फुटला, हातपाय गार पडले, उलट्या सुरू झाल्या की चुना, मंत्र काही नको, लगेच गाडी काढायची. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला जे प्राझोसिन वापरून विंचूदंशाचे मृत्यू कमी केले, ते डॉक्टरांनी द्यायचं औषध आहे, शाळेच्या पेटीत ठेवायचं नव्हे. कुत्रं चावलं तर साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, मग इंजेक्शनसाठी दवाखाना. पेटीत साबणाची वडीसुद्धा नाही.

सोबत दुकानदार कपाळाची थर्मामीटर-बंदूक पुढे करतो. घेऊ नये, किंवा डिजिटल थर्मामीटर आधी घेऊन मग. अशा बऱ्याच बंदुकांच्या माहितीपत्रकात आजूबाजूची हवा ४० अंशांपर्यंत असेल तरच वापरा असं दिलेलं असतं, आणि उन्हातून आलेल्या लेकराचं कपाळ तसंही तापलेलं. मग एका दुपारी निम्म्या वर्गाला ताप. लेकराला १५ मिनिटं सावलीत बसवून, घाम पुसून काखेत डिजिटल लावावा, बीप होईपर्यंत हात अंगाला दाबून.

आता डब्याचं चांगलं: पत्रा जाड, कप्पे दोन, रंग पोपडत नाही, दार नीट बसतं म्हणून धूळ आणि झुरळं आत जात नाहीत. कुलूप मात्र डोक्याला ताप आहे. किल्ली हेडसरांच्या टेबलाच्या खणात आणि हेडसर तालुक्याला मीटिंगला, हे प्रत्येक शाळेत ठरलेलं. गोळ्या-औषधं कुलपात हवीतच, पण गॉज, टेप, सलाइन, हातमोजे कुलपात ठेवायचं कारण नाही. त्यासाठी झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा वेगळा करावा, मैदानावर उचलूनही नेता येतो.

दीड हजार देऊन घेतलीच असेल तर आत हे घालावं: निर्जंतुक गॉजचे चौकोन ५०, कागदी टेप दोन, १०० मिलिच्या सलाइन १०, हातमोज्यांचं एक खोकं, ७.५ सेंटिमीटरचं क्रेप बँडेज दोन, एक लिटरची ओआरएस २५, साबण, डिजिटल थर्मामीटर, चांगली कात्री, सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं. शेवटची वस्तू "ही औषधात बसत नाही" म्हणून बिलातून कापली जाते; मुलींच्या शाळेत सगळ्यात जास्त मागणी तिलाच असते. पोट दुखतंय म्हणून आलेल्या सहावी-सातवीतल्या मुलीला गोळीआधी पाळी आलीय का हे विचारावं, तेही बाकीच्या लेकरांना बाहेर काढून.

पेटीसोबत लेकरांच्या माहितीची कार्डं येतात, त्यावर पालकांच्या फोनसाठी एकच ओळ. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचा दिवाळीनंतरचा नंबर वेगळा, गावाकडच्या आजीचा वेगळा, मुकादमाचा तिसरा. कार्डाच्या मागच्या बाजूला तिन्ही लिहावेत, शिवाय वजन, ॲलर्जी, फिटचा त्रास, आणि १० व १६ व्या वर्षाचं टीडी (धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन) घेतलंय का. वजन दर तीन महिन्यांनी पेन्सिलने.

पाचपैकी गुण: डब्याला चार, भरण्याला एक. रिकामा डबा वेगळा मिळतो का हे दुकानात विचारून बघावं. काही ठिकाणी देतात, फक्त बिलावर "पेटी रिकामी" असं लिहून घ्यावं, नाहीतर तपासणीत ४२ नग कुठे गेले याचं उत्तर पुन्हा सिस्टरनंच द्यायचं.