एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी: माझा अनुभव

पुण्यात बसून एस्टोनियात कंपनी काढली म्हटल्यावर आईला आधी फ्रॉडच वाटला. 1991 पर्यंत सोव्हिएत राजवटीत असलेला देश, त्याने 2014 मध्ये परदेशी लोकांसाठी ई-रेसिडेन्सी, म्हणजे तिथे न राहता ऑनलाइन कंपनी काढून चालवता येईल अशी सरकारी डिजिटल ओळख, ही स्कीम आणली. कार्ड घ्यायला दिल्लीच्या एम्बसीत गेलो, बोटांचे ठसे दिले आणि हातात एक छोटा डबा आला, आत कार्ड, यूएसबी रीडर आणि पिनचं पाकीट. लॉगिनला चार आकडी पिन, सहीला पाच आकडी, बस! मी दोन्हींत पहिल्याच दिवशी घोळ घातला ती गोष्ट वेगळी.

सगळ्यात भारी म्हणजे टॅक्स, 2000 सालापासून नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर टॅक्स नाही, डिव्हिडंड म्हणून बाहेर काढला की मगच, म्हणजे नवीन माणसाला धंद्यात पैसे फिरवायला जीव राहतो. पण हे कार्ड म्हणजे व्हिसा नाही हं, आणि आपला इन्कम टॅक्स काही चुकत नाही, सीएला आधी विचारा. बँक खात्यासाठी मात्र एका बँकेने महिनाभर कागद मागून शेवटी नाहीच म्हटलं, डोकं फिरलं नुसतं. 4 स्टार.