लॉगिननंतर पीसी हँग होतो म्हणून हेल्पलाईनला फोन केला आणि फसवलो गेलो

तुमचा कॉम्प्युटर लॉगिन झाल्यावर हँग होत असेल आणि तुम्ही नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधत असाल तर आधी हे वाचा, मग काय तो फोन करा.

माझ्या डेस्कटॉपचं असं व्हायला लागलं की पासवर्ड टाकला की आयकॉन सगळे यायचे आणि तिथेच गाडी अडायची, माउसचा बाण हलतोय पण क्लिक घेत नाही, स्टार्ट उघडत नाही, टास्क मॅनेजर यायचं नाव नाही. मोबाईलवर सर्च केलं, सगळ्यात वर नंबर आला तो लावला. ती पैसे देऊन टाकलेली जाहिरात होती, पण नाव आणि लोगो असा की कोणालाही ओरिजिनल कंपनीच वाटेल. समोरचा माणूस एकदम शांत, नम्र.

आणि त्याने पहिली गोष्ट बरोबर सांगितली, विश्वास बसतो तो इथे! लॉगिन स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, परत रीस्टार्ट आणि ५ दाबा, म्हणजे नेटवर्किंगवाला सेफ मोड. पीसी व्यवस्थित चालू झाला. खरं तर अर्धं निदान तिथेच झालं होतं. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअर) आणि सर्व्हिस (मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम) सुरू करतं, तिथे मशीन नीट चालतंय म्हणजे बहुतेक वेळा हार्डवेअर ठीक आहे आणि लॉगिनबरोबर सुरू होणारं एखादं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर घोळ घालतोय. हे त्याला पक्कं माहीत होतं, पण तो बोलला नाही. त्याने रिमोट ॲप टाकायला लावलं आणि स्क्रीन ताब्यात घेतली.

मग सुरू झाले "पुरावे". इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली, म्हणे हे सगळे हॅकरचे हल्ले. अहो, ती यादी प्रत्येक विंडोजमध्ये असते, नव्याकोऱ्या मशीनवरसुद्धा दिसेल, त्यातली १००१६ नंबरची डीकॉमची (प्रोग्रामांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या विंडोजच्या भागाची) एरर तर मायक्रोसॉफ्टच सांगतं की दुर्लक्ष करा. मग कमांड देण्याच्या काळ्या विंडोत नेटस्टॅट, म्हणजे चालू नेट कनेक्शन दाखवणारी कमांड, टाईप केलं आणि "फॉरेन ॲड्रेस" या कॉलमवर बोट ठेवून म्हणाला बघा परदेशातून लोक कनेक्ट झालेत. त्या कॉलमचा अर्थ फक्त समोरचं मशीन, ब्राउझर उघडा असला तरी तिथे पत्ते दिसतातच. सगळ्यात चीड येते ती लायसन्सच्या थापेची. असॉक (assoc, कोणत्या प्रकारची फाईल कशाशी जोडलीय ते दाखवणारी) ही कमांड दिली, खाली ८८८डीसीए६० ने सुरू होणारा मोठा कोड आला, तोच कोड त्याने आधी फोनवर वाचून दाखवला होता, म्हणजे तुमच्या मशीनची नोंद आमच्याकडे आहे असं भासवायला. तो कोड झिप फोल्डरच्या सेंड टू पर्यायाचा आहे आणि जगातल्या सगळ्या विंडोज मशीनवर सारखाच असतो!

पैसे वर्षभराच्या सपोर्ट प्लॅनच्या नावाने कार्डवरून घेतले. काम काय केलं, तर एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजसोबत काय सुरू व्हावं ते ठरवायच्या टूलमध्ये) जाऊन इतर कंपन्यांच्या झाडून सगळ्या सर्व्हिस बंद, स्टार्टअपमधलं सगळं बंद. याला क्लीन बूट म्हणतात, फुकट आहे, आणि तो निदानाचा पहिला टप्पा आहे, दुरुस्ती नाही. पीसी चालला, पण प्रिंटर गेला आणि अँटीव्हायरसही बंद पडला.

नंतर ओळखीतल्या एका जाणकाराने नीट बघितलं. बंद केलेल्यातल्या अर्ध्या सर्व्हिस चालू करायच्या, रीस्टार्ट, हँग झालं तर गुन्हेगार त्या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्यात, असं करत करत एकावर आला. जुन्या अँटीव्हायरसचे अवशेष आत राहिले होते आणि नवीन वरून टाकलेला, दोघंही लॉगिन होताच एकाच वेळी प्रत्येक फाईल तपासायला धावत होते. जुना त्याच्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने काढला, बाकी सगळं परत चालू केलं, संपला विषय. ज्यांना हे करायचंय त्यांनी एमएसकॉन्फिगमध्ये "हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस" वर टिक करायला विसरू नका, ती केल्याशिवाय डिसेबल ऑल दाबू नका.

कोणी आधीच अडकलं असेल तर लगेच नेट तोडा, बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, त्याच पीसीवरून नको. रिमोट ॲप नुसतं बंद करून भागत नाही, परवानगी न विचारता आत येण्याची सोय ते करून ठेवतात, त्यामुळे अनइन्स्टॉलच करा आणि अनोळखी यूजर अकाउंट बनवलंय का बघा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो हेही घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवा.

आणि एक, हे लोक परत फोन करतात. मलाही आला, कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत. यात बँकेचं पान उघडायला लावून स्क्रीनवरचा आकडा नुसता दिसायला बदलतात, मग "चुकून जास्त गेले, वरचे परत पाठवा" म्हणून रडतात. खात्यात खरं काहीच आलेलं नसतं. रिफंड हवा असेल तर तो आपल्या बँकेकडे तक्रार करूनच मागा, त्यांच्याशी एक शब्द बोलू नका.