नवी मुंबई मेट्रो, बेलापूर ते पेंधर : तळोज्यात राहणाऱ्या बाईचा रिव्ह्यू

गाडीला पाचपैकी साडेचार, आणि गाडीतून उतरल्यावर घरापर्यंतच्या रस्त्याला फार तर दोन. तळोज्यात घर घ्यायचं किंवा भाड्याने यायचं डोक्यात आहे अशांसाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण ऑफिसात कोणी ना कोणी विचारतंच की मेट्रो झाली म्हणे, मग आता तळोजा बरं आहे का. बरं आहे, पण कोणासाठी आणि किती ते नीट समजून घ्या.

आधी मेट्रोचंच सांगते. ११ किलोमीटरची लाईन, ११ स्टेशनं, बेलापूर टर्मिनलपासून सुरू होऊन आरबीआय कॉलनी, बेलपाडा, उत्सव चौक असं करत अख्खं खारघर ओलांडते आणि सेंट्रल पार्क, पेठपाडा, अमनदूत, पेठाली करत पेंधरला, म्हणजे आमच्या तळोज्यात, संपते. काम २०११ ला सुरू झालं आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला, तीसुद्धा कसलाही समारंभ न करता. मधल्या बारा वर्षांत इथे घर घेतलेल्या प्रत्येकाला एजंटने "पुढच्या वर्षी मेट्रो" हेच सांगितलेलं, आम्हालाही सांगितलं, आणि त्या भरवशावर लोकांनी कर्ज काढली, मुलांच्या शाळा बदलल्या, आणि मग वर्षानुवर्षं त्या मोकळ्या खांबांखालून शेअर रिक्षात चौथी सीट होऊन खारघर स्टेशन गाठलं. हे लिहायलाच हवं, कारण आज एसी गाडीत बसून आलेल्या नवीन माणसाला ते दिसणार नाही.

गाडी मात्र खरंच छान आहे. तीन डब्यांची, स्वच्छ, एसी चांगला, स्टेशनवर लिफ्ट आणि सरकते जिने, त्यामुळे गुडघेदुखीवाली म्हातारी माणसंही एकटी बेलापूरला जाऊन येतात. माझ्या सासूबाई आधी कोणी सोबत असल्याशिवाय तळोज्याबाहेर पडत नव्हत्या, आता बँकेचं काम, डोळ्यांचे डॉक्टर, खारघरची बहीण सगळं स्वतःचं स्वतः करतात. पेंधर ते बेलापूर वीस-पंचवीस मिनिटं धरा. बेलापूरला उतरलं की हार्बरची लोकल जवळच, चालत जायचं. सुरुवातीला पूर्ण अंतराचं तिकीट ४० रुपये होतं तेव्हा रोजचं परवडत नाही म्हणून बरेच जण परत रिक्षा-बसकडे वळले होते, मग सप्टेंबर २०२४ मध्ये भाडं कमी करून जास्तीत जास्त ३० केलं आणि कमी अंतराला १० आणि २०, तेव्हापासून घरकामाच्या बायका, कॉलेजची पोरं, सिक्युरिटीवाले सगळे दिसायला लागले. माझ्या मते या मेट्रोसाठी सगळ्यात चांगला निर्णय तोच. मेट्रो फक्त लॅपटॉपवाल्यांची नको, ती सगळ्यांच्या खिशाला परवडली पाहिजे.

गर्दीच्या वेळी दहा मिनिटांनी गाडी आणि एरवी पंधरा मिनिटांनी. बेलापूरला लोकल उशिरा आली आणि समोरून मेट्रो सुटली की ती पंधरा मिनिटं फार जड जातात. रात्री दहाच्या आसपास शेवटची गाडी, म्हणजे दादर-कुर्ल्याकडे सेकंड शिफ्ट असणाऱ्याला हिचा उपयोग नाही. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे ही लाईन खारघरभर फिरते पण खारघर रेल्वे स्टेशनला शिवत नाही, लोकल बदलायची तर बेलापूरलाच जावं लागतं. पनवेलकडे जायचं असेल तर उलटं जाऊन परत यायचं, त्यापेक्षा रिक्षा.

आता त्या दोन मार्कांबद्दल. संध्याकाळी सात-साडेसातला पेंधरला उतरून बघा. गाडी रिकामी होते, सगळे जिन्यावरून धावत खाली, आणि खाली शेअर रिक्षावाल्यांची आरडाओरड, "फेज टू, फेज टू, एक सीट, एक सीट" (फेज टू म्हणजे तळोज्याचा नवा भाग). जवळच्या सेक्टरात घर असेल तर चालत जाता येतं, पण लांबच्या सेक्टरांत राहणाऱ्याचं मेट्रोचं स्वस्त तिकीट इथे रिक्षात निघून जातं. बस आहेत पण गाडीच्या वेळेशी जुळत नाहीत. फूटपाथ मध्येच संपतो, पुढे खडीचा ढीग, मग बांधकामाचा पत्रा, मग परत फूटपाथ. पावसाळ्यात चिखलातून आणि डंपरच्या बाजूने चालणाऱ्या मुली बघितल्या की जीव घाबरतो. इतके कोटी घालून खांब उभे केले तर त्या खांबांपासून बिल्डिंगच्या गेटपर्यंत सरळ फूटपाथ आणि दिवे का नाही देता येत, हा माझा मनापासूनचा प्रश्न आहे.

आणि माणसं तर येतच आहेत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने २०१८ ला जवळपास १५ हजार घरांची लॉटरी काढली त्यात तळोजा होतं, २०२४ मध्ये २६ हजार घरांची योजना आली त्यातही तळोजा, आर्थिक दुर्बल गटासाठी पंचवीस लाखांच्या आसपास घर होतं. मुंबईजवळ एवढ्यात दुसरीकडे कुठे मिळतंय सांगा. त्यामुळे चेंबूर-मानखुर्दच्या छोट्या खोल्यांतून आलेली, पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं घर झालेली कितीतरी कुटुंबं इथे आहेत, त्यांच्या दारावरच्या नेमप्लेट बघितल्या तरी किती आनंद आहे ते कळतं. पण त्याच बिल्डिंगांखाली सकाळी टँकर उभा असतो. टॉवर आधी आणि पाणी नंतर, इथलं सगळंच या क्रमाने झालंय. घर बघायला आलात तर टाकी किती लिटरची ते विचारू नका, महिन्याला टँकर किती लागतात ते सोसायटीच्या वॉचमनला विचारा, तो खरं सांगेल. शिवाय बाजूला मोठी औद्योगिक वसाहत आहे, कासाडी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण हरित लवादापर्यंत (पर्यावरणाच्या खटल्यांचं न्यायालय) गेलेलं आहे, आणि काही रात्री हवेला उग्र वास येतो. दम्याचा त्रास असलेलं कोणी घरात असेल तर एक रात्र इथे कोणाकडे तरी राहून बघा, मगच टोकन द्या.

एक गोष्ट मला फार जवळची वाटते ती सांगते. पेंधर, पेठाली, घोट, रोहिंजण ही आधीपासूनची गावं, आगरी लोकांची शेती होती इथे. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी उरणजवळच्या जासईला १९८४ मध्ये शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, त्यात पाच जणांचे जीव गेले, त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली, आणि आज इथल्या कितीतरी बिल्डिंगा त्याच भूखंडांवर उभ्या आहेत. जूनमध्ये स्टेशनकडच्या रस्त्याला गावातल्या आज्या टोपलीत शेवळं ही पावसाळी रानभाजी घेऊन बसतात, सोबत काकडं ही आंबट रानफळं देतात आणि ती घातली नाहीत तर घसा खाजेल हे प्रत्येक नव्या बाईला न कंटाळता सांगतात. नवीन लोकांनी त्यांच्याकडून भाजी घ्यावी, दोन शब्द बोलावे. त्यांना बसायला स्टेशनखाली एक छप्पर मिळालं तर फार बरं होईल, जागा आहे तिथे.

पुढे कल्याण-तळोजा मेट्रोचं काम आहे, विमानतळही झालाय, त्यामुळे भाव चढणार असं प्रत्येक एजंट सांगतो. ते ऐकून घर घेऊ नका, आज जे आहे त्यावर घ्या. माझं मत विचाराल तर बेलापूर, खारघर, वाशी, नेरुळकडे नोकरी असेल आणि स्टेशनपासून चालत घर मिळत असेल तर डोळे झाकून या, आम्ही खूश आहोत. रोज सीएसएमटी किंवा अंधेरी करायचं असेल तर दोनदा विचार करा. आणि बघायला रविवारी दुपारी येऊ नका, तेव्हा सगळं निवांत असतं. कामाच्या दिवशी सकाळी आठला पेंधरहून बेलापूरला जा, पुढे तुमच्या ऑफिसपर्यंत लोकल पकडा, संध्याकाळी तसेच परत या आणि शेवटचं अंतर रिक्षा न करता चालत जा.