लुव्हरच्या लाकडी झडपा: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घराच्या अकरा खिडक्यांना लुव्हरच्या, म्हणजे आडव्या तिरक्या पात्यांच्या, लाकडी झडपा बसवून आता चौदा महिने झाले. एवढ्या काळात कडक ऊन, सलग पाऊस आणि कोरडी थंडी हे सगळे त्यांच्यावरून जाऊन गेले असल्यामुळे त्यांच्याविषयी काही खात्रीने लिहिता येईल असे वाटते. घराचा जुना भाग शंभर वर्षांहून अधिक वयाचा आहे. त्यातल्या सहा खिडक्यांना पूर्वी बाहेरच्या बाजूने झडपा होत्या आणि त्यांपैकी चार जोड्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या सापडल्या. त्या चार आम्ही दुरुस्त करून घेतल्या आणि उरलेल्या दोन खिडक्यांसाठी त्यांच्याच मापाच्या नव्या जोड्या करवल्या. नंतर बांधलेल्या भागातल्या पाच खिडक्यांना मात्र आतल्या बाजूने, फिरत्या पात्यांच्या झडपा बसवल्या.

निवड करताना आम्ही एकच कसोटी धरली होती: झडप मिटली पाहिजे, आणि मिटल्यावर तिने गाळा, म्हणजे भिंतीतली खिडकीची मोकळी जागा, पूर्ण झाकला पाहिजे. ही अट फार साधी वाटते, परंतु बाजारातल्या अनेक झडपा ती पाळत नाहीत. खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर खिळलेल्या, बिजागरी नसलेल्या झडपा केवळ शोभेच्या असतात. त्या मिटल्या असे कल्पून पाहिले तर बहुतेक वेळा मध्ये हातभर जागा उघडी राहील, इतक्या त्या अरुंद असतात. जुन्या इमारतीवर हा दोष तर दुरूनही खटकतो. झडप प्रत्यक्ष मिटायची असेल, तर प्रत्येक पाख्याची (जोडीतल्या एका झडपेची) रुंदी गाळ्याच्या निम्मी आणि उंची गाळ्याएवढी ठेवावीच लागते, आणि एवढे एक प्रमाण सांभाळले की दर्शनी भाग आपोआप सुधारतो. आमच्या दोन नव्या जोड्या रंगाने अजून जुन्यांशी तंतोतंत जुळत नाहीत, तरी मापे बरोबर असल्यामुळे त्या वेगळ्या वाटत नाहीत.

माप घेण्याच्या कामाला आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला. जुन्या भिंती खचलेल्या असतात आणि त्यांतले गाळे क्वचितच काटकोनात राहिलेले असतात. म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, उंची दोन्ही कडांना, आणि त्याशिवाय दोन्ही कर्ण मोजले. एका खिडकीच्या वरच्या आणि खालच्या रुंदीत ९ मिलिमीटरचा फरक निघाला. सुतार म्हणाले की सरासरी धरू. आम्ही मात्र त्या खिडकीची झडप गाळ्याच्या तिरकेपणाप्रमाणे करून घेतली, आणि आज ती सर्वांत सहज मिटते.

तरीही एक चूक व्हायची ती झालीच. दोन नव्या जोड्या पावसाळी महिन्यांत घट्ट बसल्या, इतक्या की एक पाखे दोन्ही हातांनी ओढावे लागत होते. कारण शोधले तेव्हा लाकडाचा स्वभाव नीट समजला. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही. ते आडवे फुगते. पात्यांच्या आणि आडव्या लाकडांच्या रेषा, म्हणजे तंतू, झडपेच्या रुंदीच्या दिशेने धावतात, त्यामुळे त्यांच्यामुळे झडपेची रुंदी वाढत नाही. वाढते ती केवळ चौकटीच्या उभ्या लाकडांमुळे, आणि अशी उभी लाकडे एका जोडीत चार असतात. सागवान ओल्या अवस्थेतून पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. ७५ मिलिमीटर रुंदीच्या उभ्या लाकडातील ओलावा कोरड्या दिवसांतल्या १२ टक्क्यांवरून पावसात १८ टक्क्यांपर्यंत गेला, तर ते साधारण पाऊण मिलिमीटरने फुगते. चार लाकडांचे मिळून ३ मिलिमीटर होतात. कारखान्याने सगळीकडची मिळून फट ठेवली होती दीड मिलिमीटर. हेच लाकूड ओंडक्याच्या मध्यातून त्रिज्येच्या दिशेने चिरलेले असते, तर वाढ निम्म्याहून कमी झाली असती आणि पीळही कमी पडला असता. पुन्हा काम काढले, तर उभ्या लाकडांसाठी तशाच चिरलेल्या फळ्या मी अट म्हणून लिहून घेईन आणि लाकडातील ओलावा मोजणारे छोटे यंत्र स्वतः लावून पाहीन.

घट्ट झालेली झडप लगेच रंधून टाकण्याचा मोह आम्ही आवरला, आणि ते योग्यच झाले. ओल्या दिवसांत घासलेली कड कोरड्या दिवसांत मोठी फट दाखवते. पाऊस सरल्यावर सहा आठवडे थांबून प्रत्येक कडेचा केवळ १ मिलिमीटर काढला आणि उघड्या झालेल्या लाकडाला त्याच दिवशी प्रायमर दिला. त्यानंतर आलेल्या अवकाळी पावसात दोन्ही जोड्या व्यवस्थित मिटल्या.

पात्यांच्या दिशेविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ही बाब जाणकारांच्याही नजरेतून निसटते. बाहेरच्या झडपेची पाती स्थिर असतील, तर झडप मिटलेली असताना प्रत्येक पात्याची बाहेरची कड खाली आणि आतली कड वर असली पाहिजे. त्यामुळे पाऊस बाहेरच निथळतो, माथ्यावरचे ऊन अडते, आणि घरातल्या माणसाला खालचा रस्ता दिसत असताना रस्त्यावरच्या माणसाला पात्यांमधून फार तर छत दिसते. हीच झडप उघडून भिंतीला टेकवली की ती पूर्ण उलटी फिरते आणि आतली बाजू लोकांसमोर येते. त्या वेळी पात्यांचा उतार भिंतीकडे दिसतो. पाहणाऱ्याला ती उलटी बसवल्यासारखी वाटते, पण तीच खरी मांडणी आहे. आमच्या कामाच्या वेळी एका मदतनिसाने सद्भावनेने एक जुनी जोडी ‘सुलट’ करून बसवली होती. पहिल्याच वाऱ्याच्या पावसात खिडकीच्या पाटावर पाणी साचले, तेव्हा चूक लक्षात आली. उघड्या झडपेवरचे पाणी भिंतीकडे जात असल्यामुळे झडप आणि भिंत यांच्यात सुमारे एक इंचाची हवा खेळती राहील अशी बिजागरी निवडावी, हेही त्याच दिवशी शिकलो.

आतल्या झडपांचा हिशेब वेगळा आहे. त्यांची पाती साधारण ६३, ८९ आणि ११४ मिलिमीटर रुंदीची मिळतात. रुंद पाती उघडली की बाहेरचे जास्त दिसते आणि पुसायला पाती कमी असतात. अरुंद पाती लहान खिडकीला शोभतात. आम्ही ८९ मिलिमीटरची घेतली. ३० मिलिमीटर जाडीच्या चौकटीत असे पाते आडवे केले की ते दोन्ही बाजूंना जवळपास ३० मिलिमीटर बाहेर येते. हे गणित आधी मांडले नसल्यामुळे एका खिडकीत पाती तावदानाच्या मुठीवर आपटत होती, आणि शेवटी मूठच बदलावी लागली. पाती फिरवणारी उभी दांडी समोर असावी की मागे लपलेली, यावर घरात बरीच चर्चा झाली. समोरची दांडी जुन्या वळणाची दिसते आणि तिची दुरुस्ती घरच्या घरी होते. चौदा महिन्यांत तिला पात्यांशी जोडणाऱ्या दोन तारा निसटल्या आणि दोन्ही वेळा पाच मिनिटांत परत बसल्या. मागच्या दांडीची झडप दिसायला मोकळी वाटते, पण एक पाते सैल झाले तर सगळी रांग तपासावी लागते. पाती आपल्या वजनाने खाली पडू लागली, तर उभ्या लाकडातला ताणाचा स्क्रू थोडा आवळावा. आमच्याकडे हे काम दोनदा करावे लागले.

लाकडाच्या जातीविषयी माझे मत ठाम आहे: बाहेरच्या झडपेला गाभ्याचेच लाकूड हवे. सागवान असले तरी त्याचे बाहेरचे पांढरट लाकूड कुजते, आणि माळ्यावरच्या जोड्यांत जिथे जिथे कुज सापडली तिथे एक तर हेच लाकूड होते किंवा उभ्या लाकडाचे खालचे उघडे टोक होते. टोकाच्या छेदातून लाकूड नळीसारखे पाणी ओढते. त्यामुळे वरची आणि खालची टोके बसवण्याआधीच प्रायमरने भरून घ्यावी, कारण नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही. सागाच्या तेलकटपणामुळे रंग धरत नाही, म्हणून प्रायमरआधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसावा. सीडर हलके आणि टिकाऊ असते, पण त्यातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लोखंडी स्क्रूभोवती काळे डाग पडतात. त्याला स्टेनलेस स्टील किंवा पितळच हवे. पात्यांच्या कडा किंचित गोल असाव्यात, कारण धारदार कडेवर रंगाचा थर पातळ बसतो आणि तिथूनच तो उलतो. आमच्याकडे नेमके हेच दिसले: उन्हाच्या बाजूच्या एका नव्या जोडीच्या कडा धारदार राहिल्या होत्या आणि तिथे रंग आताच केसाएवढा फाटला आहे.

जुन्या चार जोड्यांनी मला सर्वाधिक समाधान दिले. प्रथम सल्ला मिळाला तो त्या टाकून सगळे नवे करण्याचा. परंतु सांध्यांतली कूस (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारे टोक) अजून खाचेत घट्ट होती, आणि जितके दाट वलयांचे लाकूड त्यांत होते तितके आम्हाला नवे मिळाले नाही. कुजलेला भाग कापून त्याच जातीचा तुकडा, रेषांची दिशा जुळवून, तिरक्या सांध्याने जोडला. तुटलेली सात पाती नवी केली. जुन्या रंगाच्या थरांत शिसे असण्याची शक्यता होती (अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, यावरून ते पूर्वी किती सर्रास वापरले जात होते हे कळते), म्हणून कोरडे घासणे पूर्ण टाळले आणि ओल्या पद्धतीने, मुखपट्टी लावून थर काढले. बिजागरीच्या पट्टीखाली पहिला रंग शाबूत सापडला, मळकट हिरवा, आणि आम्ही तोच घेतला. ज्या दोन खिडक्यांच्या झडपा हरवल्या होत्या, त्यांच्या चौकटीवर बुजवलेली भोके मिळाली. त्यावरून खुंटीच्या बिजागऱ्यांची जागा अचूक ठरली.

ऐतिहासिक इमारतीबाबत निर्णय घ्यायचा असेल, तर हाच क्रम मी सुचवीन: आधी जुने दुरुस्त करावे, मग खुणांवरून नवे करावे. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटले आहे की हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग संपूर्ण वास्तूशी सुसंगत असावा, पण मूळ भागापासून ओळखता यावा. आम्ही नव्या जोड्यांच्या आतल्या कडेवर वर्ष कोरून ठेवले आहे. जिथे झडपा असल्याची काहीच खूण नसेल, ना भोके, ना जुने छायाचित्र, तिथे त्या नव्याने लावू नयेत असे मला वाटते.

रोजच्या वापरात खोल्या नक्कीच थंड राहतात, आणि त्यात बाहेरच्या झडपांचा परिणाम आतल्यांपेक्षा स्पष्ट जाणवतो, कारण ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडते. वारा येतो, पण उघड्या खिडकीइतका नाही. आवाज फारसा अडत नाही, डास मुळीच अडत नाहीत आणि पूर्ण अंधार हवा असेल तर पडदा लागतोच. धूळ हा खरा त्रास आहे. कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली येत अकरा खिडक्या झाडायला अर्धा दिवस जातो. वादळात झडप भिंतीशी रोखून धरणारा आकडा लावायचा राहिला, तर काय होते हे एकदा पाहिले: एक पाते मधोमध तुटले. तेव्हापासून आकडे अडकवण्याचे काम धाकट्या मुलीने स्वतःकडे घेतले आहे. उन्हाच्या बाजूच्या जोडीच्या कडा घासून पुन्हा रंगवायच्या आहेत, आणि ते काम पुढच्या पावसाआधी होईल.