टँकची पावडर वापरून वर्ष होत आलं: वास गेला, पण पावडरीने नाही

फीनिक्सच्या उन्हात राहायचा ट्रेलर ठेवणाऱ्यांना ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाची घाण साठते त्या टाकीचा, वास म्हणजे काय ते सांगायला नको. ही एंझाइमची पावडर घेतली तेव्हा डब्याची किंमत बघून जिवावर आलं होतं. त्यात सर्व्हिसवाल्याने नुसत्या तपासणीचे दोनशे डॉलर मागितले आणि वर 'टॉयलेटच बदला' म्हणाला. म्हटलं राहू दे, मीच बघतो.

पावडर काम करते, पण टँकमध्ये पाणी असेल तरच. डंप करून, म्हणजे टँक रिकामा करून, कोरडा ठेवला की तळाशी खरवड धरते, मग डबा ओता, ढिम्म हलत नाही. डंपनंतर दहा-बारा लिटर पाणी सोडायचं आणि हुकअपवर (कॅम्पमधल्या नळ-गटाराच्या जोडणीवर) असलो तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, नाहीतर पाणी जातं आणि माल तिथेच बसतो. आपली पाण्याने धुवायची सवय इथे फायद्याची: कागद कमी, पाणी भरपूर. टँक लवकर भरतो हे खरं. ग्रँड कॅन्यनच्या माथर कॅम्पग्राउंडला हुकअप नाहीत, तिथे जरा हात आखडावा लागतो.

इथवर चार तारे देणार होतो. पण फ्लश केला की भपकारा यायचाच.

कारण छतावरचा पंखा! वास आला म्हणून आपण पंखा लावतो, आणि तोच वास ओढून आणतो. खिडक्या बंद, पंखा हवा बाहेर फेकतोय, तर ती भरून कुठून निघणार? फ्लशचं पेडल दाबून भांड्याचं तळ उघडलं की थेट टँकमधून. खात्री म्हणून भांड्यावर उदबत्ती धरली. पंखा चालू ठेवून पेडल दाबलं, तर धूर सरळ छताकडे पळाला. पंखा बंद करून दाबलं, तर धूर तिथल्या तिथे रेंगाळला. म्हणून आधी पंखा बंद, मग फ्लश. पाहुण्यांसाठी दारावर मराठीत चिठ्ठी लावली आहे. मेहुणे तरी विसरतातच.

एवढं करूनही ओट्याशी कुजकट वास होताच. तो ग्रे टँकचा, म्हणजे सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीचा. आमटीचं, फोडणीचं तेलकट पाणी चार दिवस तापलं की ब्लॅक टँक परवडला. सिंकखाली पाइपावर एक काळी टोपी असते. पाणी वाहताना ती हवा आत घेते, एरवी बंद राहते. आमच्या टोपीतलं रबर उन्हाने वाकडं होऊन उघडंच राहिलं होतं. हार्डवेअरच्या दुकानात दहा डॉलरच्या आत नवी मिळाली, हातानेच फिरवून बसली. दोनशे डॉलर तपासणीचे म्हणे!

ट्रेलर उभा असला की शॉवरच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता, खालच्या वाकड्या पाइपातलं पाणी आटलं की तिथूनही वास येतो.

पावडरीला तीन तारे. सेलमध्ये मिळाली तर पुन्हा घेईन, डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्मी घातली तरी पुरते.