पहिला कॉर्सेट शिवायचाय? १७८० चा की १८८० चा

कॉर्सेट म्हणजे धडावर दोरीने आवळून घालायचा, आत ताठ पट्ट्या घातलेला कपडा. आधी एक ठरवा, कंबर बारीक दिसायला हवीय की जुन्या युरोपियन पद्धतीचा ड्रेस अंगावर नीट बसायला हवाय. बाकी सगळं त्यावर आहे.

१७८० च्या आसपासचा कॉर्सेट कंबर फारशी आवळतच नाही. धड वर रुंद आणि खाली निमुळतं, समोरून सपाट, छाती वर, पाठ ताठ, बस. कमरेखाली कापडाच्या पाकळ्या सोडलेल्या असतात, त्या पसरतात आणि परकराचं वजन अंगात रुतत नाही. कष्टकरी बायकाही हे घालून दिवसभर कामं करायच्या, यावरून काय ते समजा. १८८० चा म्हणजे डमरू. समोर स्टीलचा बस्क (आकड्यांनी बंद होणाऱ्या दोन पट्ट्या), त्यामुळे पुढून उघडतो, मागे धातूच्या आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या भोकांना बसवलेल्या कड्या. या आयलेटचं पेटंट १८२० च्या दशकातलं, त्याआधी भोकं हाताने काज करतात तशी शिवलेली, दोरी जास्त ओढली की ती फाटणारच, म्हणजे कचकचून आवळणं जमायला लागलं तेच मुळात नंतर. (बरगड्या काढून घ्यायच्या वगैरे नुसत्या वावड्या आहेत.)

शिवायला कुठला सोपा? माझं मत १७८० चा, त्यातही कमी पट्ट्यांचा. तुकडे बरेचसे सरळ, बस्क नाही, फिटिंग थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. व्हिक्टोरियन, म्हणजे १८८० च्या पॅटर्नमध्ये सगळ्या शिलाया गोलाईत, छाती आणि कमरेला थोडं जरी चुकलं तरी लगेच चुणी पडते. पण १७८० ला भोकं हाताने करायची तर वेळ द्या: टोच्याने धागे नुसते बाजूला सारायचे, कापायचे नाहीत, मग कडेने दाट टाके. कापलंत तर भोक टिकणार नाही.

पट्ट्यांचं म्हणाल तर तेव्हा व्हेलच्या तोंडातल्या केराटिनच्या पट्ट्या असायच्या, अंगाच्या उबेने मऊ पडून शरीराचा आकार घ्यायच्या. आता त्या विसरा. सिंथेटिक व्हेलबोन (त्याच पट्ट्यांची प्लास्टिकची नक्कल) मिळाली तर उत्तम, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातले जाड, रुंद केबल टाय, १७८० ला मस्त चालतात. १८८० ला मात्र स्टीलच लागतं: आयलेटच्या बाजूला सपाट पट्टी, गोलाईच्या शिलाईत स्पायरल (तारेच्या वेटोळ्यांची, सगळीकडे वळणारी पट्टी), कारण सपाट पट्टी कडेला वळत नाही. टोकांना कॅप लावा, नाहीतर कापड भोसकून बाहेर येते. आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत स्टील गंजतं, तेही धरून चाला.

कापड दोन्हीला न ताणणारं हवं. कूटिल (कॉर्सेटसाठीचं खास घट्ट विणीचं कापड) मिळत नसेल तर घट्ट विणीचं कॉटन ड्रिल घ्या, स्ट्रेचवालं चुकूनही नको.

१९०० नंतरचा, छाती पुढे नि पार्श्वभाग मागे काढणारा एस-बेंड दिसायला भारी आहे, पण पहिल्याच फटक्यात त्याच्या नादी लागू नका.

कुठलाही घ्या, आधी जुन्या जाड चादरीचा ट्रायल पीस करा आणि पट्ट्या घालून, दोरी बांधूनच अंगावर बघा, नुसत्या कापडावरून फिटिंगचं काहीच कळत नाही.