कळसूबाई की साल्हेर? एका दिवसाचा बेत ठरवण्याआधी

कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर. राज्यातली ही सर्वांत उंच दोन शिखरं. साल्हेर तर महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्लाही आहे. पायथ्यापासून दोन्हीकडे चढ साधारण ८०० ते ९०० मीटरचा, म्हणजे पायांना पडणारे कष्ट जवळपास सारखेच. तरी एकाचा बेत जसाच्या तसा दुसऱ्याला लावला तर फसतो. कळसूबाईला वेळ गर्दीत जातो आणि साल्हेरला प्रवासात.

पोचायचं कसं

कळसूबाईचा पायथा म्हणजे अकोले तालुक्यातलं बारी गाव, घोटी–भंडारदरा रस्त्यावर. मुंबईहून साधारण १५५ किमी आणि पुण्याहून १७० किमीच्या आसपास. स्वतःची गाडी नसेल तर कसारा किंवा इगतपुरी स्टेशन गाठून पुढे घोटीमार्गे एसटी नाहीतर जीप. पहाटे निघून रात्री घरी, हे इथे खरंच जमतं.

साल्हेर नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात. नाशिकपासूनच साधारण १२० किमी, सटाणा–ताहराबादमार्गे. मुंबई-पुण्याहून रात्रभर गाडी चालवून सकाळी चढायला लागणं हा बेत आम्ही कुणालाच सुचवणार नाही. झोप न झालेल्या माणसाचा पाय उतरताना चुकतो आणि परतीच्या वाटेवर गाडी चालवणाराही तोच असतो. आदल्या संध्याकाळी पायथ्याच्या वाघांबे किंवा साल्हेरवाडीत मुक्काम करावा, जेवणाचं गावात आधीच सांगून ठेवावं. नाशिककरांना मात्र पहाटे लवकर निघून एका दिवसात जमतं.

वाट आणि दृष्टिभय

कळसूबाईची वाट मळलेली आहे, चुकायचा प्रश्न जवळजवळ नाही. कड्याच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि रेलिंग आहेत. खरी अडचण इथेच होते. शनिवार-रविवारी आणि नवरात्रात शिडीपाशी रांग लागते, चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. दोन्ही हात मोकळे हवेत, काठी आणि मोबाइल सॅकमध्ये. उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. पावसाळ्यात ओल्या लोखंडावर टाच टेकवली की घसरतेच, म्हणून तळव्याचा मधला भाग पायरीवर ठेवावा. पाठ दरीकडे करायची भीती वाटते म्हणून बरेच जण समोर तोंड करून उतरतात. मग सॅक मागच्या पायरीला अडते आणि तोल पुढे जातो.

साल्हेरला शिड्या नाहीत, तिथे कातळकोरीव पायऱ्या आणि दरवाजे आहेत. वाघांब्याहून साल्हेर आणि शेजारच्या सालोटा किल्ल्यामधल्या खिंडीत यायला दीड ते दोन तास लागतात. पुढे पायऱ्या, दरवाजे आणि मग कड्याला बिलगून जाणारी आडवी वाट: एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला दरी. वाट चालण्याजोगी आहे, पण उंचीची भीती असणाऱ्याला इथे त्रास होतो. अशा माणसाला दोन अनुभवी सोबत्यांच्या मध्ये ठेवावं आणि त्याने सॅक कातळाला घासू देऊ नये, धक्का लागून तोल जातो. डिसेंबरनंतर वाळक्या गवताखाली घसारा, म्हणजे उतारावरची माती-खडी, सुटा होतो. उतरताना पाय त्याच्यावरून सरकतो.

सालोटा त्याच दिवशी करायचा मोह प्रत्येकाला होतो. त्याच्या पायऱ्या तुटक्या आहेत, घसाराही जास्त, वर किमान दोन तास वाढतात. त्यासाठी मुक्काम वाढवावा.

वेळेचं गणित

कळसूबाई: सहाला बारी सोडली तर साडेनऊच्या सुमारास माथा, एकपर्यंत खाली. साल्हेर: सहाला वाघांबे, साडेनऊपर्यंत गंगासागर तलाव आणि रेणुकामातेचं मंदिर, पुढे अर्ध्या-पाऊण तासाच्या खड्या चढानंतर परशुराम मंदिराचा माथा. साल्हेरवाडीकडे उतरायचं असेल तर गाडी आधीच तिकडे लावलेली हवी. मराठे आणि मुघलांची १६७२ ची लढाई जिथे झाली तो मुलूख वरून नजरेत मावतो आणि पाय तिथे रेंगाळतात, म्हणून तासभर जास्तीचा धरा. कुठेही असलात तरी अकरा वाजता माथा गाठला नसेल तर परत फिरायचं, हे गटाने खालीच ठरवून घ्यावं.

पाणी

प्रत्येकी ३ लिटर, मार्चनंतर ४. कळसूबाईला सुट्टीच्या दिवशी वाटेवर सरबत, पिठलं-भाकरी मिळते, आडवारी त्या भरवशावर राहू नये. साल्हेरला विकत काही मिळेल असं धरूच नका. ओआरएसचं पाकीट पूर्ण १ लिटरमध्येच घोळवावं, अर्ध्या बाटलीत घातलं तर क्षार जास्त होतात आणि तहान उलट वाढते.

वीज

दोन्ही माथे उघडे आहेत आणि आजूबाजूला त्यांच्याहून उंच काही नाही. वळीव आणि परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात बारानंतर माथ्यावर थांबू नका. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच उतरायला लागा. कळसूबाईचा माथा लहान आणि उतरायची वाट लोखंडी शिड्यांची. त्यामुळे तिथे ढग गोळा व्हायला लागतानाच निघावं लागतं, गडगडाटाची वाट पाहून चालत नाही. साल्हेरला माथ्याखाली गुहा आहेत, पण गुहेच्या तोंडाशी उभं राहू नये. आत जावं, भिंतीला टेकू नये.

मग कुठे जायचं?

पहिलाच उंच डोंगर, सोबत दहा-बारा वर्षांची मुलं, हातात एकच दिवस: कळसूबाई, पण आडवारी, ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी नको. धुक्यात वरून काही दिसत नाही आणि ओल्या शिडीवर रांगेत ताटकळावं लागतं.

आधी तीन-चार किल्ले पायाखाली घातलेत, गर्दी नको आणि एक रात्र हाताशी आहे: साल्हेर. डिसेंबर-जानेवारीतल्या स्वच्छ सकाळी सालोटा, मुल्हेर, मांगी-तुंगी असा सेलबारी-डोलबारी डोंगररांगांचा पसारा दिसतो. वर वारा बोचरा असतो, विंडचीटर सॅकमध्ये वरच्या बाजूला ठेवा.